सहाव्या गाडीची वाट

गेल्या हिवाळ्यात जे झालं त्याचा दोष मंडळींनी असा काही वाटून घेतला, की कोणाच्याच वाट्याला पोटभर आला नाही. थोडा हवामानाचा, थोडा वायरलेसचा, थोडा नशिबाचा आणि उरलासुरला मेलेल्या माणसाचा. तो काही भांडायला येणार नव्हता.

बर्फात गाड्या घालायची हौस असलेली ही सहा जणांची मंडळी. एरवी सभ्यपणे आपापली दुकानं-दवाखाने सांभाळायचे, आणि थंडी कडक झाली की डोंगरातल्या बंद रस्त्यांवर जाऊन गाड्या रुतवायच्या, एकमेकांच्या बाहेर ओढायच्या आणि या हमालीला सुट्टी म्हणायचं. घरचा नळ गळला तर पहिला फोन प्लंबरला लावणारी माणसं इथे गुडघाभर बर्फात आडवी होऊन चाकांना साखळ्या बांधत. म्होरक्या होता दातांचा डॉक्टर. त्याला सगळे कप्तान म्हणत. समोरच्याला उत्तर देता येणार नाही अशा वेळी प्रश्न विचारायची त्याची धंद्यातली सवय वायरलेसवरही सुटलेली नव्हती.

मंडळींचे बाकीचे नियम चहाबरोबर बदलत, पण एक पक्का होता. मागच्या गाडीची जबाबदारी पुढच्यावर. आरशात मागचे दिवे दिसेनासे झाले की थांबायचं, आणि पुन्हा दिसेपर्यंत हलायचं नाही. गेल्या वर्षी पाच नंबरची गाडी खिंडीत थांबली ती याचसाठी. मागची सहा नंबर, म्हणजे शेवटची गाडी, दिसेना. सहाच्या क्लचनं खालीच मान टाकली होती. त्यानं वायरलेसवर कप्तानाला कळवलं आणि तो परत फिरला. खिंडीच्या खोबणीत त्याचा आवाज पोचला नाही, पलीकडे उंचावर गेलेल्या कप्तानाला मात्र पोचला. कप्तान “ठीक आहे” म्हणाला आणि पाचला सांगायचं विसरला. चार नंबरवाला नियमाप्रमाणे पाचसाठी थोडा थांबला, मग पोटात कावळे ओरडायला लागल्यावर नियमाला मागे टाकून निघाला. पाच नंबर तेवढा थांबून राहिला. काचा बंद, इंजिन चालू, हीटर चालू. बर्फ पडत राहिला, सायलेन्सरचं तोंड बुजलं आणि धूर आत भरला. सापडला तेव्हा त्याची नजर आरशावर होती.

तो तिचा नवरा. फ्रिज दुरुस्त करायचा. थंडी हा आपला पोटापाण्याचा विषय आहे, ती आपल्याला काय करणार, असं तो दरवर्षी निघताना म्हणायचा, आणि ती दरवर्षी त्याला मोज्यांचा जादा जोड द्यायची.

तिची स्वतःची गाडी शिकवायची शाळा होती. अर्ध्या गावाला तिनं आरशात बघायला शिकवलेलं. बाई कडक, भुताखेतांच्या वाटेला न जाणारी. म्हणूनच घरात जे सुरू झालं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याची गाडी शेडमध्ये आणून ठेवली होती आणि बॅटरी तिनं स्वतःच्या हातानं काढून माळ्यावर टाकली होती. तरी सकाळी मांजर त्या गाडीच्या बॉनेटवर पसरलेलं असायचं. आता मांजर एक वेळ माणसाला फसवेल, स्वतःच्या पोटाला फसवणार नाही. गार पत्र्यावर ते कशाला झोपेल? तिनं हात लावून पाहिला. बॉनेट कोमट होतं. चाकांच्या खाली पाण्याची थारोळी होती, आणि गावात तर बर्फ पडलेलाच नव्हता.

सासूबाईंनीही पाहिलं होतं. त्या भाजी निवडता निवडता एवढंच बोलल्या, “तो अजून तिथून निघालेला नाही गं. नुसती गाडी आली.”

त्यानंतर तिचंच काही बिघडलं. शिकवताना आरसा रिकामा दिसला की तिचा पाय आपसूक तिच्या बाजूच्या ब्रेकवर पडायचा. भर रस्त्यात गाडी उभी. शिकणारा बिचारा विचारायचा, मॅडम, काय चुकलं? मागे कोणी दिसेपर्यंत तिच्यानं पाय उचलवत नसे. लोक दुसऱ्या शाळेत जायला लागले. वर्षाच्या शेवटी तिनं मनाशी जमाखर्च मांडला आणि बेरीज एकच निघाली. सहाव्या गाडीनं मागून येऊन दिवे दाखवले पाहिजेत. त्याशिवाय तो तिथून हलणार नाही, आणि तो हलल्याशिवाय आपण हलणार नाही.

सहा नंबर म्हणजे रंगाच्या दुकानाचा मालक. सगळे त्याला रंगोबा म्हणत. मनानं लोण्यासारखा, तसाच संकट तापलं की पहिला पातळ होणारा. नवरा गेल्यावर त्यानं तिचं घर फुकटात रंगवून दिलं होतं. पश्चात्तापाचे दोन हात मारले. तिनं थांबवलं नसतं तर तिसराही मारला असता. पण त्या वर्षभरात तो तिच्याशी कधी एकटा बोलला नव्हता, आणि या हिवाळ्यात दोन नंबरवाल्यानं येणं सोडल्यावर त्यानं गुपचूप सहा नंबर सोडून तो घेतला होता.

निघायच्या सकाळी माळ्यावरची बॅटरी पुन्हा बसवून ती शेवटच्या पेट्रोल पंपावर नवऱ्याची गाडी घेऊन हजर झाली तेव्हा मंडळींचे चहाचे पेले हवेतच राहिले. कप्तानानं घसा साफ केला. वायरलेसवर गाड्यांची हजेरी घेताना चारनंतर आम्ही अजून क्षणभर गप्प राहतो, पाचची जागा कोणाला दिलेली नाही, असं त्यानं तिला भरल्या आवाजात सांगितलं. गप्प राहायला काही लागत नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं. गाडी पाचची आहे, पाचवरच चालेल, एवढंच म्हणाली. मग ती रंगोबाकडे गेली. तो टायरची हवा कमी करत होता, म्हणजे तिच्याकडे पाठ करून वाकला होता.

“भाऊजी, आज तुम्ही माझ्या मागे या.”

“आता त्यात काय अर्थ आहे, वहिनी?”

“गेल्या वर्षी होता ना?”

टायरमधून हवा सुसत राहिली. मग तो उठला, गाडीवरचा दोनचा आकडा नखानं खरवडून काढला आणि गाडी रांगेच्या शेवटी नेऊन लावली.

डोंगराच्या पायथ्याशी चौकी होती. चौकीवाल्यानं पाचही गाड्या आत घेतल्या, त्यांच्यामागे रस्त्यावर आडवा दांडा टाकला आणि कुलूप घातलं. बर्फ वाढतोय, आता आज कोणाला सोडणार नाही, असं त्यानं सांगितलं.

चढ सुरू झाला तसा उजेड पिठासारखा झाला. वर-खाली, रस्ता-आकाश, सगळं एकाच चाळणीतून पडल्यासारखं. ती पुढच्या चाकोरीत चाकं धरून चालली होती. एकच गोष्ट तिला सतावत होती. आरसा. तिनं तो निघतानाच आपल्या उंचीला बसवला होता. पण दर वळणानंतर त्यात मागचा रस्ता न दिसता गाडीचं छत दिसे. नवरा तिच्यापेक्षा चांगला वीतभर उंच. तिनं आरसा खाली ओढला, तो पुन्हा वर. शेवटी ती न रागावता म्हणाली, “बघू दे मलाही जरा.” त्यानंतर आरसा जागेवर राहिला.

खिंडीत पोचल्यावर आरशात दिवे नव्हते. रंगोबा मागे पडला होता. पुढच्या तीन गाड्या पलीकडे उतरून गेल्या. ती थांबली. इथेच थांबायचं होतं, त्यासाठीच तर ती आली होती. काच अर्धी खाली घेतली. इंजिनाची घरघर, काचेवर बर्फाची टिकटिक. शेजारच्या रिकाम्या सीटवर कोणीतरी बाहेर बघत श्वास रोखून बसलं आहे, असं तिला वाटत होतं. तिला भीती वाटली नाही. लग्नानंतर कितीतरी संध्याकाळी ती दोघं अशीच गाडीत बसून कोणाची तरी वाट बघत राहिली होती, आणि दर वेळी उशीर करणारा तिच्याच माहेरचा निघायचा.

मग वळणावर उजेड हलला. सहा नंबर वर आला. आणि रंगोबानं दोनदा डिपर मारला, स्वच्छ, माणसानं नाव घेऊन हाक मारावी तसा.

तिनं हँडब्रेक सोडला नव्हता. तरी गाडी पुढे सरकली. आधी हळूच, मग एकदम मोकळी होऊन. तिला रडू फुटलं. ती रडत रडतच खिंड ओलांडून उताराला लागली. शेजारची सीट आता नुसतीच सीट होती. वर्षभराचा बोजा कोणीतरी खांद्यावरून उतरवून घेतल्यासारखं झालं.

सवयीनं तिनं आरशात पाहिलं. रंगोबा खिंडीतच उभा होता.

तिनं गाडी थांबवून वायरलेस उचलला. “भाऊजी, निघा.”

“निघतो की.” त्याचा आवाज संथ, झोपेतला. “मागची गाडी येऊ दे.”

“तुमच्या मागे गाडी नाही.”

“दिवे दिसताहेत ना. येतच आहे तो. थांबायला पाहिजे, वहिनी. गेल्या वेळी मी थांबलो नाही.”

मध्येच कप्तानाचा आवाज घुसला. सहाच्या मागे कोणी नाही, चौकी बंद आहे, काय चाललंय?

तिनं मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. रंगोबाच्या गाडीच्या पाठीमागे, बर्फाच्या पडद्याआड, खरंच दोन दिवे होते. उजवा जरासा खाली झुकलेला. नवऱ्यानं स्वतः बसवलेले दिवे. लोकांचे फ्रिज रेषेत लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीचा एक दिवा कधी सरळ करायला जमलं नव्हतं. आणि त्या दिव्यांची गाडी ती स्वतः चालवत होती.

दिवे जवळ येत नव्हते, लांबही जात नव्हते.

नियम तिला पाठ होता. सहानं त्याच्यासाठी थांबायचं, तिनं सहासाठी. वर्षभर तिनं दुसरं काय मागितलं होतं? तो मागे आहे, दिसतो आहे, आता आरशात बघत बसलं की झालं. तिनं हात किल्लीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. रंगोबाच्या गाडीमागचा धूर आधी पांढरा वर उठत होता. आता तो दिसेना.

ती उतरली आणि चाकोरी धरून मागे चालत गेली.

रंगोबाच्या सगळ्या काचा बंद होत्या. सायलेन्सर बर्फात पुरता बुडाला होता. तो आरशाकडे बघून हसत होता, लहान मुलगा पाहुण्यांची वाट बघतो तसा, आणि त्याच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. तिनं दार ओढून उघडलं, शिकाऊ माणसानं घोळ घातल्यावर घालायची तसा त्याच्या पोटावरून हात घातला, किल्ली फिरवून काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

“उतरा.”

“तो येतोय, वहिनी. आता टाकून जाऊ नका त्याला.”

“येत नाही तो, भाऊजी. तो तिथेच उभा राहील आणि तुम्ही इथे. मी वर्षभर हेच बघत बसले आहे. उतरा म्हणते ना.”

तिनं त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. तो जड होता आणि रडत होता. त्याच वेळी मागच्या दिव्यांनी डिपर मारला. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. मी आहे, असं सांगावं तसा. ती तिकडे तोंड करून उभी राहिली. केसांवर बर्फ साठला. काही बोलायला तिनं तोंड उघडलं होतं, पण जे आलं ते एवढंच होतं की मोज्यांचा जोड या खेपेला द्यायचा राहिला, आणि असलं काही ओरडून सांगता येत नाही. मग तिनं रंगोबाचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि चालू लागली. दिव्यांचा उजेड त्यांच्या सावल्या पुढे टाकत राहिला. दोघांच्याच होत्या.

तिनं त्याला शेजारच्या सीटवर बसवून पट्टा लावला आणि त्याच्या बाजूची काच खाली केली. गार हवा लागल्यावर तो खोकला, माणसात आला.

खाली उतरताना कप्तानानं हजेरी सुरू केली. एक त्याचा तोच. दोनची जागा रिकामीच होती. तीननं हो म्हटलं, चारनं हो म्हटलं. मग नेहमीची ती शांतता. तिनं बटण दाबलं.

“पाच. सहाचे भाऊजी माझ्या गाडीत आहेत, त्यांची गाडी वरच आहे. कोणासाठी थांबू नका, आम्ही पोचतो.”

कप्तानाला आकडे पुरे केल्याशिवाय चैन पडायचं नाही. त्यानं तरीही पुकारलं, “सहा?”

किल्ली तिच्या खिशात होती. वर खिंडीतल्या त्या गाडीत कोणीतरी वायरलेसचं बटण दाबलं. खरखर आली, आणि त्या खरखरीत, बोलायच्या आधी माणूस घेतो तसा श्वास.

रंगोबानं डोळे घट्ट मिटून घेतले. तिनं खटका फिरवून वायरलेस बंद केला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली आणि उतारावर सोडली.