गाठीत निघाली सरकी

तांड्यावरच्या समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. महागावहून दोन ऑटो भरून बाया आल्या होत्या. मधोमध गाठओढे महाराज, कानाला माईक लावलेला. बिना चिरफाड छातीतली गाठ ओढून काढतात म्हणे!

"गाठ म्हंजे पाप! आधी पाप ओका, मंग गाठ निघन. बोल माय, कोनाचं वाईट केलं?"

समोर सुखीबाई बसलेली. मी उर्वशी, या तांड्याची आशा वर्कर. सुखीबाईच्या गाठीचा तुकडा तपासून कॅन्सर निघाला होता, सोमवारी यवतमाळला ऑपरेशन ठरलं होतं. आणि ही बाई शनिवारी इथं!

"सासूले एकडाव उलटून बोललती मी," ती रडत म्हणाली.

घ्या! एवढ्यानं कॅन्सर होत असता तर आमच्या तालुक्यात एक बाई धड राहिली नसती.

महाराजांनी तिच्यावर ओढणी टाकली. पुरुषांनी माना फिरवल्या, बायांनी लाजेनं डोळे मिटले. बाईच्या छातीकडे कोण बघणार? महाराजांना तेच पाहिजे होतं. हात ओढणीखाली गेला, "निघ, निघ!" झालं आणि लालभडक गोळा बाहेर आला.

"न पाहता नाल्यात फेका! जो पाहीन त्याच्या घरात शिरन!"

मी तो गोळा उचलून दारातल्या पाण्याच्या बादलीत बुडवला.

"आशाताई, कायले घात करून राह्यल्या?" सुखीबाईचा नवरा भावसिंग ओरडला.

गोळा पिळला. लाल पाणी गळालं, हातात कापूस उरला आणि कापसात सरकी. आमच्या बायांचा जन्म कापूस वेचण्यात गेला. म्हातारी तुळसाबाई पुढे आली.

"वो माय, सरकीसकट! महाराज, अंगात कापूस कधीपासून पिकून राह्यला?"

सगळे हसले. बायांनी महाराजांची बाही झटकली तर आणखी दोन गोळे निघाले. हळदीत चुना कालवला की रंग लाल होतो, त्यात कापूस भिजवायचा अन् बाहीत दडवायचा, एवढीच सिद्धी!

"माझा उपास मोडला, म्हणून गाठीचा कापूस झाला," महाराज म्हणाले. मी पोलिसांना फोन केला, ते येईस्तोवर लोकांनी त्यांना जागचं हलू दिलं नाही.

मला भलताच चेव चढला होता. सुखीबाईला म्हटलं, "अक्कल हाय का नाही तुले?"

तिनं तोंड फिरवलं. "मीच वाईट हाय. मी नाही जात सोमवारी. मरू द्या मले."

महाराजांनी तिला पापी म्हटलं, मी बिनडोक म्हटलं. तिला दोन्ही सारखंच लागलं. मी दवाखान्यातल्या समुपदेशक नयनताईंना फोन लावला अन् स्पीकर सुरू करून सुखीबाईपुढे धरला. त्या एका शब्दानं रागावल्या नाहीत.

"सुखीबाई, हीच गाठ तुमच्या बहिणीला, राखीला निघाली असती तर तिला काय म्हणाल्या असत्या?"

"म्हटलं असतं, राखी, तुहा काईच दोष नाही. भेव नको, मी येतो संग."

"आता हेच स्वतःला म्हणा. मोठ्यानं."

"सुखी..." तिचा आवाज फाटला. "सुखी, तुहा काईच दोष नाही."

अन् ती ओक्साबोक्शी रडली. भावसिंग खाली मान घालून म्हणाला, "मी येतो संग."

सोमवारी ऑपरेशन झालं. पुढचे उपचार लांबलचक आहेत, भीतीही आहे. पण ती जाते.

बायांनो, गाठ पापानं होत नाही अन् मंत्रानं जात नाही. हाताला लागली की डॉक्टरला दाखवा. आणि माझ्यासारख्या शहाण्यांनो, घाबरलेल्या बाईला आधी जवळ बसवा, अक्कल मागाहून शिकवा.