जपून ठेवलेली गाडी

निवृत्त झाल्यावर शामरावांनी जीप घेतली, चारही चाकांना जोर देणारी. आदिलाबादजवळच्या मावल्यात त्यांच्या गल्लीत पेढे वाटले गेले. लोकांनी रंग पाहिला, टायर दाबून पाहिले, किंमत विचारली. सुभद्राच्या मनात मात्र त्या वेळी दुसरं काहीच नव्हतं, फक्त एक नाला होता.

तो नाला तिच्या माहेरचा. तिचं गाव टेंभरी, बाजारहत्नूरच्याही पुढे. डांबर संपलं की काळ्या मातीची वाट लागते आणि वाटेच्या टोकाला हा नाला आडवा पडलेला. उन्हाळ्यात तो असून नसल्यासारखा. पावसाळ्यात मोटार पलीकडे जात नसे. शामराव तहसील कचेरीत होते. बदल्या, मुलाची शाळा, नामंजूर झालेल्या रजेच्या दरखास्ती, या सगळ्यात सुभद्राचं माहेरी जाणं व्हायचं ते दिवाळीनंतर नाहीतर उन्हाळ्यात. लग्नानंतर माहेरचा पोळा तिनं एकदाही पाहिला नव्हता. लहानपणी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं बैलांच्या कानात सांगायचं काम घरात तिचं होतं. ती सासरी गेली, ते काम भावजयीकडे गेलं, आणि भावजयीनंतर सुनेकडे.

जीप दारात उभी राहिली त्याच दिवशी शामराव आपणहून म्हणाले, "आता तुले पोळ्याले नेतो का नाई पाय. हे गाडी नाल्याच्या बापाले भेत नाई!"

त्यानंतर सहा पोळे गेले.

शामराव खोटं बोलणारे नव्हते. घोटाळा असा झाला की त्यांनी आधी गाडीचं पुस्तक वाचलं आणि मग सर्व्हिसिंगचं पहिलं बिल वाचलं. साध्या गाडीला जिथं एके ठिकाणी तेल पुरतं तिथं हिला तीन-तीन ठिकाणी लागत होतं. पुढच्या चाकांचा एखादा भाग गेला तर तो आदिलाबादेत मिळणार नव्हता, नागपूर नाहीतर हैदराबादहून मागवावा लागणार होता. टायर बदलायचे तर चारही एकदम, आणि त्या चार टायरांच्या पैशात बोथच्या गुरांच्या बाजारात एक चांगला बैल आला असता. हे कळल्यापासून शामराव गाडी चालवायचे कमी आणि सांभाळायचे जास्त.

गिअरच्या दांड्याशेजारी एक दुसरा, आखूड दांडा होता. तो ओढला की चारही चाकं कामाला लागायची. त्या दांड्याला शामरावांनी कधी हात लावला नाही.

"तो लावला का पुढची चाकं झिजतात, गिअरबॉक्स झिजते, डिझेलची तं गोष्टच सोडा," ते समजावून सांगत. "काम पडन तवा लावू. तवरोक नवा कोरा राह्यला पायजे."

घरात ही रीतच होती म्हणा. काचेचे चांगले कप कपाटात आणि चहा कान तुटलेल्या कपांत. सोफ्यावरचं दुकानातलं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं; उन्हाळ्यात पाहुणा उठला की त्याची पाठ चिकटून फाडल्यासारखा आवाज व्हायचा. त्या घरात एक दांडा जपून ठेवला गेला तर नवल काय!

मुलगा राघवेंद्र हैदराबादेत नोकरीला. त्यानं फोनवर दोन-तीनदा सांगितलं, "बाबा, महिन्यातून एक खेप ते फोर व्हील लावून चिखलात चालवत जा. नुसतं पडून राह्यलं का जाम होते. पुस्तकातच लिहून हाय."

"पुस्तक कोनं लिवलं? कंपनीनं. कंपनीले पार्ट इकायचे हायेत," शामरावांनी निकाल दिला.

सुभद्रानं आपल्या शिलाई मशीनचा दाखला दिला. चार महिने बंद ठेवली की तिचंही चाक फिरायला कुरकुर करतं. "मशीन आन गाडी एक हाय का?" म्हणून तोही दाखला खारीज झाला.

दर वर्षी श्रावण सरत आला की शामराव मेहुण्याला, म्हणजे सुभद्राच्या थोरल्या भावाला, दादाजींना फोन लावत. "नाल्याले पानी हाय का?" तिकडून दादाजी म्हणत, "हाय ना. पावसाळा हाय, पानी तं राहीनच." शामराव फोन ठेवून सुभद्राकडे असे बघत की जणू त्यांच्या हातचं काही राहिलं नाही. "पानी हाय म्हनते. कायले गाडी घालता त्याच्यात? पुढल्या साली पाहू."

एकदा तिनं बसचं नाव काढलं होतं. शामराव एकदम ताडकन म्हणाले, "दारात जीप उभी आन बायको बसनं मायेरी! टेंभरीत तोंड कसं दाखवू मी?" सुभद्रानं पुन्हा बसचं नाव काढलं नाही. खरं सांगायचं तर तिलाही ते पटलं होतं. वेशीत जीपमधून उतरावं, भावजया-पुतण्यांनी पाहावं, असं तिलाही वाटायचं. मिरवायची हौस काही एकट्या शामरावांना नव्हती.

यंदा फोन दादाजींचाच आला, तोही तिच्यासाठी.

"बाई, माह्या भारतनं टॅक्टर घेतला. बैलाले काम राह्यलं नाई. दिवाळी झाली का जोडी सोयऱ्याले देऊन टाकतो. आपल्या दारातला हा शेवटचा पोळा. येनं जमलं तं ये."

सुभद्रानं फोन ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. बापाच्या दारात बैल नाहीत असा पोळा तिला कल्पनेतही दिसेना. ती थेट अंगणात गेली. शामराव गाडीच्या काचा पुसत होते.

"अवो, यंदा गाडी टेंभरीले जाईन. जात नसन तं इकून टाका. दारात उभी करून पूजा करायले आपल्या घरी देव हायेत."

चाळीस वर्षांच्या संसारात ती इतकं एका दमात कधी बोलली नव्हती. शामराव फडकं हातात धरून उभेच राहिले. मग दिवसभर त्यांनी हिशेब मांडला. विकावी तर निम्मीच किंमत येणार. ठेवावी तर वर्षाचा विमा, सर्व्हिसिंग आणि शिवाय बायकोचा अबोला. टेंभरीला न्यावी तर एक धुलाई आणि झालीच तर थोडी झीज. सगळं तोलून पाहता जाणंच स्वस्त पडत होतं. संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं, "जाऊ."

पोळ्याच्या दिवशी सकाळी निघाले. पुरणपोळ्यांचा डबा, बैलांसाठी नव्या वेसणी, गोंडे, भावासाठी धोतरजोडी. महामार्गावर गाडी लोण्यासारखी चालली. शामराव खुशीत होते. शिटी वाजवायची तेवढी बाकी होती. बाजारहत्नूर मागे पडलं, दोन्ही बाजूंना कपाशी आणि ज्वारी हिरवीगार, आणि मग डांबर संपलं. काळी माती सुरू झाल्याबरोबर शामरावांच्या तोंडातलं बोलणं संपलं. प्रत्येक खड्ड्यापाशी ते "च्च" करत आणि गाडीला लागलं की आपल्याच अंगाला लागल्यासारखा चेहरा करत.

नाल्याकडे उतरणारा उतार दिसला. पलीकडे टेंभरीची पहिली घरं, वेशीत बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण. सुभद्रा पुढे झुकून पाहू लागली. आणि तिथंच, पाणी अजून वीसेक पावलं लांब असताना, मागची चाकं चिखलात जागच्या जागी फिरायला लागली. चिखल उडून काचेवर आला. गाडी इंचभर पुढे सरकेना.

"काऊन थांबले?" सुभद्रानं विचारलं.

"थांबलो नाई. आता दांडा लावतो." शामरावांचा आवाज एकदम भारी झाला. "यासाठीच तं ठेवला होता."

त्यांनी आखूड दांडा धरला आणि ओढला. दांडा हलला नाही. गाडी बंद करून ओढला, सुरू करून ओढला, मागच्या गिअरात टाकून ओढला. दोन्ही हातांनी ओढला. त्यांच्या कपाळाची शीर फुगली, पण दांडा पहिल्या दिवशी जिथं होता तिथंच. इतकी वर्षं कोणी हलवला नव्हता, आता तोही हलायला तयार नव्हता.

हॉर्न ऐकून पलीकडच्या काठावर दादाजींचा मुलगा भारत धावत आला. अंगावर नवा सदरा, हात गेरूनं लाल.

"मामाजी! राम राम! फसली का?"

"बैलजोडी आन रे भारत!" शामराव ओरडले. "दोर लावून वढून काढू!"

आपण नीट ऐकलं की नाही असा भारतचा चेहरा झाला.

"आज? मामाजी, आज पोळा हाय. आज कोन बैलाच्या खांद्यावर जू ठेवन?"

सुभद्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती गाडीत खाली मान घालून बसली. पोळ्याला माहेरी येऊन बैल जुंपायला सांगणारा नवरा, आणि तोही वेशीच्या तोंडावर.

"मंग टॅक्टर आन!"

"त्यालेबी हार घातला. बाबा म्हनते, आज घरात कोनालेच काम नाई. उद्या सकाळी काढू. तुमी तशेच या ना!"

"गाडी सोडून कसा येऊ? चिखलात उभी हाय."

सुभद्रानं वर पाहिलं. वेशीकडे झुली घातलेले बैल निघाले होते. डफडं वाजायला लागलं होतं. पूजा होऊन तोरण तुटलं की मग काय, झालाच पोळा. तिनं डबा उचलला, पिशवी खांद्याला लावली आणि दार उघडलं.

"कुठी चालली?"

"पोळ्याले."

"अवं, पानी हाय!"

"हाय तं हाय."

चपला हातात घेऊन ती चिखलातून उतरली. लुगडं वर खोचलं. गढूळ पाण्याचा तळ दिसत नव्हता. पहिलं पाऊल तिनं चाचपत टाकलं, दुसरं टाकताना तिनं देवाचं नाव घेतलं. तिसरं, चौथं. तळाला वाळू घट्ट होती. मध्यावर येईपर्यंत पाणी पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्याला लागलं, आणि नंतर उतरायलाच लागलं. ती पलीकडच्या काठावर उभी राहिली तेव्हा खोचलेल्या लुगड्याचा फक्त काठ भिजला होता.

तिनं वळून पाहिलं. एवढासा नाला. त्या काठाला जीप, जीपच्या दारात उभे शामराव. तिला वाटलं, आपण हसणार. पण हसू आलं नाही. भारतनं हातातला डबा घेतला, "चला आत्याबाई, बाबा थांबले हायेत," म्हणाला, आणि ती त्याच्या मागं निघाली.

दादाजींनी बहिणीची वाट पाहत जोडी अजून वेशीत नेली नव्हती. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, मोरा आणि चांद्या अंगणात उभे होते. दादाजींनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आरतीचं ताट तिच्या हाती दिलं. तिनं बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, नवे गोंडे बांधले. तिला भरून आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

ती ओवाळत होती तोवर शामरावही आलेच. पँट मांड्यांपर्यंत दुमडलेली, एका हातात बूट, दुसऱ्या हातात किल्ली.

"दांडाच जाम झाला," त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. "कंपनीनं फसवलं."

"किती खेपा लावला होता, जवाईबापू?" दादाजींनी विचारलं.

"एकदाई नाई! नवा कोरा हाय."

दादाजींनी मान हलवली आणि जावयाला पाट दिला. सणाच्या दिवशी आणखी काय बोलणार?

सुभद्रा ताट खाली ठेवून भावाकडे वळली. "दादा, नाल्याले दर साली एवढंच पानी राह्यते?"

"पूर आला तं दोन दिवस कोनी उतरत नाई. नाई तं एवढंच. पोरं शाळेत जातात ना त्याच्यातून."

"मंग फोनवर तुमी पानी हाय म्हनून सांगत होते?"

"हाय का म्हनून इचारलं, हाय म्हनून सांगतलं." दादाजी जरा गोंधळले. "किती हाय ते तुमी कोनी इचारलंच नाई, बाई. मले वाटे, तुले येनं होत नसन."

सुभद्राला राग शामरावांचा यायला हवा होता. तो आलाही, पण थोडाच. उरलेला सगळा स्वतःचाच आला. बाजारहत्नूरपर्यंत बस होती, पुढे पाय होते, आणि पाणी गुडघ्याएवढं होतं. तिला कोणीच अडवलं नव्हतं. शामराव गाडी जपत राहिले आणि ती त्या गाडीची वाट पाहत राहिली, आणि दारातली एक अख्खी जोडी तिच्याविना पोळे करून निघून चालली होती.

तिनं डब्यातली पुरणपोळी काढून मोऱ्याच्या तोंडापुढे धरली. बैलानं मान मागं घेतली, हात हुंगला आणि भारतकडे पाहिलं. ओळखीचा हात तो होता.

"घे रे, घरचीच हाय," भारत म्हणाला आणि त्यानं बैलाच्या गळ्यावर थाप मारली. मग मोऱ्यानं पोळी घेतली.