शंभर वॅटची आई

उन्हाळा लागला आणि मुलाने आईचे वॅट काढले.

मुलगा एसी दुरुस्त करणारा. लोकांच्या घरी खोली पाहून किती टनाचं यंत्र लागेल, हे तो चहा संपायच्या आत सांगत असे. त्या हिशेबात भिंती, खिडक्यांबरोबर माणसंही धरावी लागतात. माणूस नुसता बसून राहिला तरी उष्णता सोडतोच.

"आई, तू शंभर वॅटची आहेस," जेवताना तो म्हणाला.

"अगं बाई, एवढी?" आईला बरंच वाटलं. तिच्याबद्दल एवढा मोठा आकडा घरात आजवर कुणी काढला नव्हता.

"म्हणजे बंद खोलीत शंभरचा दिवा दुपारभर जळत ठेवायचा, आणि वर एसी लावायचा."

आईने घास गिळला.

तसं घर काटकसरीत कुणाला हार जाणारं नव्हतं. गच्चीला पांढरा चुना मारून झाला होता. सकाळी नऊला खिडक्या बंद. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेला. दुपारी घर तापायला नको म्हणून स्वयंपाक उजाडायच्या आत उरकायचा. टीव्हीचा इवलासा लाल दिवासुद्धा भिंतीवरच्या बटणाने विझवायचा. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या आईच्या मशीनची मोटर काढून पायाने चालवायचं पायडल परत बसवलं होतं. "गुडघ्यांना व्यायाम होतो," असं सून म्हणाली, जिचे गुडघे शाबूत होते. यात वावगं काहीच नव्हतं, आणि बिल खरोखरच निम्म्यावर आलं होतं. कमी करण्यासारखी आता आईच तेवढी उरली होती.

एसी एकाच खोलीत, दुपारी दोन ते पाच, सव्वीसवर, वर पंखा मंद. आईचा जीव त्या तीन तासांत अडकलेला. मागच्या उन्हाळ्यात ती दोनदा घेरी येऊन पडली होती, आणि डॉक्टरांनी दुपारी गारव्यात ठेवा म्हणून बजावलं होतं.

"मग मी कुठे पडू?"

"पॅसेजमध्ये. ओली चादर टांगतो ना तुला. नैसर्गिक गारवा. डॉक्टरांनी एसी कुठे म्हटलंय?"

"पुढच्या महिन्यात माझी आई येतेय," सून म्हणाली. "तिचे किती वॅट?"

"पाहुण्यांचे धरत नाहीत."

ओली चादर पंधरा मिनिटांत वाळून कडक व्हायची. पहिल्या दुपारी आईने ती चारदा भिजवली आणि पाचव्यांदा भिजवायला उठताना भिंत धरून खाली बसली. बसली तेव्हा पायाच्या अंगठ्याला गार लागलं. खोलीच्या दाराखाली दोन बोटांची फट होती, आणि आतली गार हवा तिथून जमिनीलगत बाहेर येत होती. आईने चटई ओढली आणि फटीला गाल लावला. एक गाल निवला की कूस बदलून दुसरा. चार दिवस ती अशी झोपली, आणि चारही दिवस घेरी आली नाही.

पाचव्या दिवशी सून पाणी प्यायला बाहेर आली आणि तिच्यावर अडखळली.

"अहो आई, दारात काय झोपताय?"

मुलगा आला. त्याने गुडघे टेकून फटीला तळवा लावला. गिऱ्हाइकाच्या घरी करायचा तसाच चेहरा त्याने केला.

"गळती," तो म्हणाला. "म्हणजे मी इतके दिवस पॅसेज गार करतोय. लोकांना शहाणपण शिकवत हिंडतो, आणि आमच्याच दिव्याखाली अंधार."

"थोडीशीच येते रे. राहू दे की तेवढी."

"थोडीथोडी म्हणूनच बिल चढतं, आई. एक लांबट उशी शिवून दे, दाराखाली कोंबायला. बाजारात मिळते, पण घरात टेलर असताना बाहेर कशाला?"

आई मशीनवर बसली. जुन्या परकराचं कापड घेतलं, पोटात भरायला चिंध्या आणि वाळू. कात्री चालवताना तिने कापड लांबीला मुद्दाम बोटभर आखूड कापलं. कोण मोजायला बसलंय? एका बोटाची फट तिला पुरली असती.

मग तिने ते दारापाशी नेऊन लावून पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षांत तिच्या हातून आखूड काही गेलं नव्हतं. नवऱ्या मुलींचे कपडे तिने तीनतीनदा उसवून परत शिवले होते. उद्या दारात ही आखूड उशी पाहून सुनेची आई काय म्हणेल? विहीणबाईंचा हात गेला म्हणेल. आई परत येऊन बसली, एका बोटाचा तुकडा जोडला, आणि जोड दिसू नये अशी शिवण घातली. वाळू ठासून भरली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता दार लागलं. उशी दाराखाली अशी बसली, जणू सुतारानेच बसवलेली.

"आई, बाहेरून हात लावून बघ गं," आतून मुलगा म्हणाला. "कुठून येतंय का?"

आई गुडघ्यांवर बसली. या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवत गेली. कुठे काही नाही. बिजागरीजवळच्या कोपऱ्यात मात्र करंगळीला गार लागलं, दोऱ्याएवढं. तिने करंगळी तिथेच ठेवली. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"येतंय का?"

"डाव्या कोपऱ्यात येतंय जरासं," आई म्हणाली. "थांब, एक टाका घालते."