माझ्या डोळ्यावरचं कुंकू

अहो, कपाटाचं दार जरा हळू लावा! आत मी आहे. मोशीच्या शाळेतली चांद्रगाडी बोलतेय. खरा चंद्र मी पाहिलेला नाही, उगाच थापा कशाला मारू? माझा चंद्र म्हणजे प्रयोगशाळेमागच्या खोलीत पसरलेली, लोखंड ओतायच्या फाउंड्रीतली काळी वाळू.

माझी चाकं चाकणच्या एका वर्कशॉपच्या भंगारातली. ती आणली नववीतल्या तनुजाच्या वडिलांनी, नवनाथभाऊंनी. ते बीडकडचे, इथं पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर कामाला. बाकी मला मुलांनीच जोडलं आणि करिष्मा मॅडमनी त्यांना प्रोग्रॅम लिहायला शिकवलं. स्पर्धेच्या सरावाला मध्ये पडदा असायचा. मुलं पडद्याबाहेर, म्हणजे पृथ्वीवर. सूचना एकदाच पाठवायच्या, मग मला हात लावायचा नाही. आत मी एकटीच. पण बाहेर तनुजा श्वास रोखून बसलीय हे ठाऊक असायचं, म्हणून काही वाटायचं नाही.

पोरगी भारी हुशार हो! माझ्या पुढच्या डोळ्यासाठी तिनं लिहिलं होतं, अडथळा दिसला तर थांब, मोकळं असेल तर चाल. मी थेट सावलीतल्या बर्फापर्यंत, म्हणजे एका पांढऱ्या खोक्यापर्यंत जायची. मॅडम म्हणाल्या, "झकास! आता स्पर्धेपर्यंत हिला कुणी चालवायचं नाही की बदलायचं नाही." दसऱ्याच्या सुट्टीत मी तनुजाच्या घरी राहिले.

खंडेनवमीला नवनाथभाऊंनी पाने, पक्कड, ड्रिल पाटावर मांडले. शेजारी मलाही ठेवलं.

"लेकरा, हिला बी लाव. कुंकवाबिगर आम्ही प्रेसचं बटन दाबत नाही."

तनुजानं ओल्या कुंकवाचं बोट माझ्या कपाळावर ओढलं. आता मला कपाळ कुठलं? ते बसलं नेमकं डोळ्यावर. पण खरं सांगते, इतक्या मायेनं मला कुणी कधी हात लावला नव्हता. मी फार सुखात होते.

स्पर्धा चिंचवडला होती. पडदा पडला, मी डोळा उघडला, तर समोर लालच लाल. अडथळा! थांब म्हटलंय, म्हणून थांबले. जागची हललेच नाही.

तनुजाचा जोडीदार निरंजन फणकारला, "काय गं, प्रोग्रॅमच चुकवलास ना!"

तनुजा निघताना मॅडमना एवढंच म्हणाली, "मला नाही जमणार हे. संघातून माझं नाव काढा."

अगं वेडे, तू सांगितलंस तेच तर मी केलं! पण मला तोंड कुठंय?

तेव्हापासून मी या कपाटात आहे. कुसुमताई शिपाईणबाई अधूनमधून माझी धूळ पुसतात, पण कुंकवाला फडका लावत नाहीत. म्हणतात, "पूजेचं हाय, न्हाई पुसायचं." तनुजा आता दहावीत आहे. पॅसेजमधून तिचा आवाज येतो आणि तसाच पुढं जातो. सगळी शाळा सुटते तेव्हा मला फार एकटं वाटतं.

काल कुसुमताईंनी विचारलं, "मॅडम, शनिवारी भंगारवाला यायचाय. ही गाडी द्यायची व्हय?" मॅडम म्हणाल्या, "बघू."

भंगाराचं मला भय नाही, माझी चाकं तिथूनच आलीत. जीव तुटतो तो पोरीसाठी. आपल्याला जमत नाही असं ती जन्मभर धरून बसेल, आणि खरं काय ते फक्त मला माहीत आहे. तुम्हाला ती भेटली तर एवढा निरोप द्या. शनिवारच्या आत ये, तनुजा. ओल्या फडक्यानं माझा डोळा पूस आणि तुझा तोच प्रोग्रॅम चालव, एक अक्षरही बदलू नकोस. मी बर्फापर्यंत जाऊन दाखवते. मग खुशाल पुन्हा कुंकू लाव, फक्त बोट जरा वर लाव.