भोंगा झाला की खिडकी

माझ्या सासूबाई, बायनाबाई, दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे चंद्रपूरला राहायला आल्या आणि आल्या आल्या त्यांचं आमच्या खिडक्यांशी वाजलं. राजुऱ्याकडचं त्यांचं गाव कोळशाच्या खाणीत गेलं. तिथल्या घराच्या खिडक्यांना काच बसवलेल्या दोन लाकडी झडपा होत्या. कडी काढायची, बाहेर ढकलायचं, झालं. इथं सरकत्या काचा. त्या सवयीनं काच बाहेर ढकलत बसायच्या.

"आई, ढकलू नका. बाजूला सरकवा," मी म्हणायची.

"अर्धी उघडते न अर्धी झाकते. हे कसली खिडकी वं?"

मीही हट्टी. काच सरकवायला शिकवूनच त्यांना सोडलं.

गेल्या मंगळवारी दुपारी माझ्या सात महिन्यांच्या नंदिनीला त्यांच्याजवळ निजवून मी गिरणीवर गेले होते. तेवढ्यात आमच्या मागच्या कारखान्याचा भोंगा झाला. गॅस सुटला की तो वाजतो. तेव्हा दारं-खिडक्या लावून घरात बसायचं, हे आमच्या गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. तोंडाला ओढणी बांधून मी धावत सुटले. इमारतीतल्या सगळ्यांच्या खिडक्या बंद झाल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या तेवढ्या उघड्या.

वर पोचले तर नंदिनी खोकून खोकून लालबुंद झालेली. तिला श्वास घेता येत नव्हता. सासूबाई तिच्यावर ओणव्या झाल्या होत्या आणि स्वतःही खोकत होत्या.

दवाखान्यात नंदिनीला ऑक्सिजन लावला. माझा नवरा प्रफुल कामावरून थेट तिथं आला आणि आईवर ओरडला, "भोंगा झाल्यावर खिडकी उघडते काय कोणी? काऊन उघडली?"

मलाही तेच विचारायचं होतं, आणि याहून वाईट शब्दांत.

"आपल्या गावात भोंगा झाला का उघडतच होतो ना बाबू," त्या म्हणाल्या. "भोंग्यामागून खाणीत सुरुंग उडे. खिडकी लावली असली का काच फुटे. पोरीच्या अंगावर काचा पडतीन म्हणून उघडली."

लहानपणी प्रफुलनंही भोंगा ऐकून कितीदा तरी खिडक्या उघडल्या असतील. इथल्या भोंग्याचं आईला सांगावं, हे ना त्याला सुचलं, ना मला. माझा राग काही केल्या जाईना आणि तो काढायचा कुणावर, तेही कळेना.

दोन दिवसांनी पोरीला घरी आणलं. आजीला बघून तिनं हात पसरले. सासूबाईंनी आपले हात पदराखाली घेतले.

"मले देऊ नको. मले इथलं काही समजत नाई."

मी नंदिनीला त्यांच्या मांडीवर ठेवलीच. त्या धरेनात. पोरगी गुडघ्यावरून घसरायला लागली, तेव्हा कुठं त्यांनी तिला ओढून छातीशी घेतली. मला वाटलं, मिटलं सगळं.

दुसऱ्या दिवशी मी बाजाराला निघाले आणि पोरीला सासूबाईंजवळ न ठेवता कडेवर घेतलं. बाहेर ऊन होतं, म्हणून त्यांनीच तिचं टोपडं शोधून आणून दिलं.