मधली जागा

नवऱ्याने गाडीच्या मागच्या दारातून अर्धं अंग आत घातलं, लहान मुलाच्या सीटमध्ये गुडघा रोवला आणि पट्टा दोन्ही हातांनी खेचला. सीट सरकली. तिच्या रेट्याने मधली सरकली, आणि तिसरी थेट पलीकडच्या दारावर जाऊन टेकली. आता ते दार लागेना.

“कागदावर बसत होतं,” तो आतूनच म्हणाला.

कागदावर बसणारच. घरांचे नकाशे काढून देणं हाच त्याचा धंदा. गेल्या आठवड्यात त्याने मागच्या बाकाचं माप घेतलं होतं, पुठ्ठ्याचे तीन तुकडे कापून जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले होते, आणि वर बोटभर जागा उरतेय हे सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं. पण पुठ्ठ्याला खांदे नसतात. खऱ्या सीटा खाली गुण्यागोविंदाने बसत होत्या आणि वर खांद्यापाशी एकमेकींच्या उरावर चढत होत्या.

ती बाहेर उभी होती, एक हात कमरेवर, दुसरा सहाव्या महिन्यातल्या पोटावर. लहान मुलांच्या सामानाच्या दुकानासमोरची ही मोकळी जागा. आधी बसवून बघा, मगच घ्या, अशी दुकानाची रीत असल्यामुळे दुकानातली मुलगी एकेक सीट आणत होती आणि न बसलेली परत नेत होती. सहा वर्षांची मोठी सगळ्यांवर देखरेख ठेवून होती. तीन वर्षांचा गोटू एका रिकाम्या खोक्यात बसला होता आणि आपण खोकंच घेऊन जाऊ, असं त्याचं मत होतं.

“बाबांना सांग, पलीकडचं दार लागत नाहीये,” ती मोठीला म्हणाली.

“बाबा, पलीकडचं दार लागत नाहीये.”

“आईला सांग, दिसतंय मला.”

भांडण झालेलं नव्हतं. झालं असतं तर बरं, भांडण मिटतं तरी. झालं होतं ते एवढंच, की तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं तिने सांगितलं तेव्हा त्याने नकाशावरची नजर न काढता म्हटलं होतं, “तू म्हणशील तसं.” बस्स. आपण फार समजूतदारपणे वागलो असं त्याला वाटलं असावं. ती रात्रभर वाट बघत राहिली, हा आणखी काहीतरी बोलेल म्हणून. सकाळी त्याने चहा विचारला. मग तिने एकटीनेच ठरवलं, आणि ठरवलेलं खरंच आपल्याला हवं होतं का, हे तिला अजूनही धड कळलेलं नव्हतं. तेव्हापासून दोघं डॉक्टरच्या वेळा बोलत, दुधाचं बोलत, सीटांचं तर उठता बसता बोलत. तेही बहुतेक मोठीच्या मार्फत.

गाडीतही तसंच होतं. गोटू झाल्यापासून ती मागे बसायची, दोन मुलांच्या मध्ये. पुढची सीट नकाशांच्या गुंडाळ्यांची आणि कुणाच्या तरी बुटांची झाली होती. सुरुवातीला ती गमतीने म्हणायची, “ड्रायव्हर, जरा सावकाश.” तोही “जी बाईसाहेब” म्हणायचा. मग ती गंमत संपली आणि बसायची पद्धत तेवढी राहिली.

आता मागे तीन सीटा बसल्या तर तिला पुढे बसावं लागणार होतं, त्याच्या शेजारी. मध्ये कुणी नाही, निरोप्या नाही. हे तिला हवं होतं की नको होतं? दार लागत नाही म्हटल्यावर मात्र तिला हायसं वाटलं होतं, आणि का वाटलं म्हणून स्वतःचाच रागही आला होता.

“गोटूची जुनी सीट फार रुंद आहे, ताई,” दुकानातली मुलगी म्हणाली. “ही जरा अरुंद आहे, ही बघा.”

सीटांवर चिकटवलेल्या सूचना तिने वाचल्या. एका सीटवर वय लिहिलेलं, दुसरीवर वजन, तिसरीवर उंची. गोटू वजनाने एका गटात बसत होता, उंचीने दुसऱ्या, आणि स्वभावाने कुठल्याच नाही. मोठीला उंच बसवणारी बूस्टर सीट पाठीची लागेल की बिनपाठीची चालेल, यावर नवऱ्याने एक सांगितलं, माहितीपुस्तिकेने दुसरं आणि मोठीने तिसरंच. तिच्या डोक्याचा पार भुगा झाला.

“हिचा रंग मळखाऊ नाही,” ती म्हणाली.

मुलीने गडद रंगाची आणली.

“कापड टोचेल ह्याचं.”

मुलीने मऊ कापडाची आणली. नवरा गाडीतून बाहेर आला, घाम पुसत तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गणित चुकलंय पण कुठे ते सापडत नाही, अशा मुलासारखा तो दिसत होता.

“हिला नक्की काय हवंय?” त्याने मोठीला विचारलं.

मोठीने खांदे उडवले. तिचीही सहनशक्ती संपत आली होती.

“एक करून बघू का?” दुकानातली मुलगी म्हणाली. “बाळाची सीट दाराशी ठेवलीय ना तुम्ही, ती मध्ये घेऊ. ती उलट्या तोंडाची असते, तिचा रुंद भाग पुढे गुडघ्यांकडे येतो. मग ह्या दोघांचे खांदे तिला लागणार नाहीत.”

“मध्ये नको,” ती पटकन म्हणाली.

“का हो, ताई?”

का नको? ती उघड्या दारातून बाकाकडे बघत राहिली. मधल्या भागाचं कापड बसून बसून गुळगुळीत झालं होतं.

“तिथे आई बसते,” मोठीने सांगितलं.

मुलीने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. “पण ताई, तीन सीटा बसवल्यावर तुम्ही मागे कशा बसणार?”

कागदाच्या नकाशात तीन चौकोन होते. चौथा काढायचं नवऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं आणि तिने आठवण केली नव्हती.

“बघा मध्ये ठेवून,” ती शेवटी म्हणाली.

बाळाची सीट मध्ये गेली, उलट्या तोंडाने. एका दाराशी गोटूची नवी, दुसऱ्या दाराशी मोठीची. नवऱ्याने पट्टा ओढला. काहीच सरकलं नाही. दोन्ही दारं लागली. मोठीने आत बसून आपल्या पट्ट्याचा खटका स्वतः लावून दाखवला.

“बसलं,” नवरा म्हणाला. मग बायकोचा चेहरा बघून पुन्हा म्हणाला, “बसलं ना?” आता तो विचारत होता.

तो दुकानात जाऊन पैसे देऊन आला. पुढच्या सीटवरच्या गुंडाळ्या त्याने डिकीत नेल्या, बूट नेले, कसल्यातरी पिशव्या नेल्या. सीट हाताने झाडली. गोटूला खोक्यातून उपसून पट्ट्यात अडकवायला दोघं लागले. मग ती पुढचं दार उघडून आत बसली. पाय कुठे ठेवावेत कळेना. समोर एवढी मोठी काच असते हे ती विसरूनच गेली होती. पट्टा पोटाखालून घ्यायचा, हे तिचं तिलाच आठवलं. तोही आपल्या जागी बसला आणि त्याने किल्ली लावली.

“मोठे, बाबांना विचार,” ती म्हणाली, “जाताना दूध घ्यायचंय ना.”

“तूच विचार की,” मोठी मागून म्हणाली. “मला इथून ह्या सीटमुळे काही दिसत नाही.”

तिने विचारलं नाही. मागे मोठी गोटूला खटका कसा लावायचा ते शिकवत होती आणि गोटू ते ऐकून घेत नव्हता. नवऱ्याचा हात किल्लीवरच होता.

“त्या दिवशी तू काहीच बोलला नाहीस,” ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली.

कुठल्या दिवशी, असं त्याने विचारलं नाही. ह्याचंच तिला आश्चर्य वाटलं.

“मला नको वाटत होतं,” तो खूप हळू म्हणाला. “मग तसं वाटल्याची लाज वाटली. म्हणून तुझ्यावर ढकललं.”

आता आपल्याला राग येईल, म्हणून ती थांबली. इतके महिने त्याची तयारी तर करून ठेवली होती. पण राग काही येईना.

“मलाही नको वाटत होतं,” ती म्हणाली.

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. इतक्या जवळून त्याने तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि तिनेही त्याला. दाढीत पांढरे केस आले होते.

“आणि आता?” त्याने विचारलं.

“काय माहीत. कधी हवंसं वाटतं. कधी नुसती भीती वाटते.” तिने पट्टा सैल केला. “सीट तर बसली.”

तो हसला की काय, तिला नीट कळलं नाही. त्याचे डोळे भरले होते.

“निघायचं ना?” गोटूने मागून विचारलं.

“हो,” ती म्हणाली.

“थांब जरा,” त्याच वेळी तो म्हणाला, आणि त्याने किल्लीवरचा हात काढून घेतला.