दोघांत एक वायर

ज्या वर्षी नव्या फोनांमधलं हेडफोनचं भोक गायब झालं, त्या वर्षी आमच्या अख्ख्या श्कोदर शहरात सगळ्यात जास्त शिव्या मी खाल्ल्या. भोक बुजवलं समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी शहाण्यांनी. पण तिथे जाऊन भांडणं कुणाला परवडणार? माझं, या पिएरीनचं, फोनदुरुस्तीचं दुकान मात्र चार पावलांवर होतं.

पहिला आला शेजारचा न्हावी लाझर. नवा फोन हातात, जुन्या इयरफोनची वायर गळ्यात. त्याने फोन उलटा केला, सुलटा केला, कडांवरून बोट फिरवलं.

"भोक कुठंय?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे? ठेवायचं विसरले?"

"काढून टाकलं. आता बिनवायरीचं ऐकायचं."

"वा रे वा! माझ्या घराची खिडकी काढायची, आणि वर मलाच सांगायचं, बघ लाझर, भिंत कशी गुळगुळीत झाली!"

मग रांगच लागली. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. त्यांच्या फोनवरचा रेडिओ वायर असली तरच लागायचा, कारण ती वायरच एरियलचं काम करायची. आता रविवारचा सामना ऐकायचा कसा, असं ते मला अशा आवाजात विचारत होते की जणू गोलपोस्ट मीच उचलून नेलं होतं. एका शिक्षिकेने इयरफोनची पिन चार्जिंगच्या खाचेत दाबून बसवली होती. ती काढायला मला अर्धा तास लागला. एक पठ्ठ्या तर घरून ड्रिल मशीन घेऊन आला आणि म्हणाला, "तू फक्त कुठे पाडायचं ते दाखव, बाकी मी बघतो."

या सगळ्यांना मी एकच उत्तर द्यायचो. "सवय होईल." आधी वैतागून म्हणायचो, नंतर नंतर मजा यायला लागली. शहरात नवं काहीही आलं की लोक नाकं मुरडतात आणि सहा महिन्यांनी तेच मिरवतात, हे मी वीस वर्षं बघत आलो होतो. मला सगळं कळतं असं मला वाटायचं.

प्रोफेसर गास्पेर आणि तेरेझीना मावशी यांची गोष्ट याच दिवसांतली.

प्रोफेसरांनी तांत्रिक शाळेत तीस वर्षं वीजकाम शिकवलं. तारा जोडायची सोल्डरिंगची कावीया कशी धरायची हे मी त्यांच्याकडून शिकलो. माझं दुकान चालतं ते त्यांच्या पुण्याईवर. निवृत्त झाल्यावर ते आणि मावशी रोज संध्याकाळी फेरीला यायचे. आमच्याकडे संध्याकाळची फेरी, जिरो, चुकवणं म्हणजे आजारी असल्याची जाहिरात. रस्ता गाड्यांना बंद होतो आणि सगळं गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतं आणि परत फिरतं. पहिल्यांदा समोर आलात की थांबून विचारपूस करायची, दुसऱ्यांदा नुसती मान हलवायची, तिसऱ्यांदा बघितलं नाही तरी चालतं. दोन्ही कानांत इयरफोनची बोंडं घालून फेरीला आलात तर मात्र खैर नाही. रामराम ऐकू आला नाही की लोक म्हणणार, हा फार मोठा झाला.

म्हणून ही दोघं एकच इयरफोन वापरायची. एक बोंड प्रोफेसरांच्या डाव्या कानात, दुसरं मावशींच्या उजव्या, आणि बाहेरच्या बाजूचा एकेक कान गावासाठी मोकळा. मध्ये पांढरी वायर लोंबकळायची. मावशींच्या आवडीची जुनी इटालियन गाणी ऐकत दोघं रमतगमत जायची. पोरी आपापल्या मित्रांना कोपराने ढोसायच्या, बघ, शीक काहीतरी. लाझर दुकानाच्या दारात उभा राहून सुस्कारे टाकायचा. "सत्तरीत हे! माझी बायको मला फोटोपुरतीसुद्धा जवळ उभी करत नाही."

मार्चमध्ये मावशींचा जुना फोन बेसिनमध्ये पडला आणि कायमचा गेला. परदेशात ब्रेशियाला असलेल्या त्यांच्या लेकीने, एल्दाने, नवा फोन पाठवला. सोबत एक डबी, तिच्यात बिनवायरीची दोन बोंडं. मावशी सगळं घेऊन दुकानात आल्या. प्रोफेसर बाहेर काचेतल्या वस्तू बघत उभे होते.

"पिएरीन, याला आपली वायर लावून दे."

"याला वायर लागतच नाही, मावशी. एक बोंड तुम्हाला, एक प्रोफेसरांना. गुंता नाही, ओढाताण नाही."

"मला ओढाताण चालते. मला वायर हवी."

"जग कुठं चाललंय आणि तुमचं काय चाललंय! एल्दाने एवढ्या हौसेने पाठवलं ना?"

"एल्दा तिकडे आहे," त्या म्हणाल्या. मग काचेतून बाहेर बघत हळूच म्हणाल्या, "वायर नसली तर पिएरीन, मग..." आणि थांबल्या.

मी पुढचं विचारायला हवं होतं. नाही विचारलं. माझ्या खणात बोटभर लांबीचा अडॅप्टर पडला होता. त्याचं एक टोक चार्जिंगच्या खाचेत गेलं की दुसऱ्या टोकाला जुना इयरफोन लागतो. तो काढून दिला असता तर काम मिनिटात झालं असतं. पण चाळीस जणांना "सवय होईल" म्हणून परत पाठवल्यावर एक्केचाळिसाव्यापुढे नमायचं मला जड गेलं. खण मी उघडलाच नाही. बोंडं जोडून दिली, गाणं लावून दाखवलं आणि म्हटलं, "सवय होईल, मावशी."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फेरी भरात असताना मावशी धापा टाकत दुकानात शिरल्या. एका कानात बोंड, दुसरा कान लालबुंद.

"गास्पेर दिसला का रे? फुलवालीशी दोन शब्द बोलले, वळून बघते तर नाही!"

मी आणि लाझर रस्त्यावर आलो. आणि गंमत अशी, गंमत म्हणवत नाही पण तशीच होती, प्रोफेसर सगळ्यांना दिसले होते. फुलवालीला दिसले. बाकावरच्या निवृत्तांना दिसले. त्यांनी प्रत्येकासमोर हॅट उचलली होती, कुणाच्या आईची, कुणाच्या गुडघ्याची चौकशी केली होती. लाझर स्वतः म्हणाला, "माझ्याशी बोलले की! नेहमीसारखेच होते." तीसेक माणसांनी त्यांना रामराम केला आणि एकानेही थांबवलं नाही. कसं थांबवणार? फेरीत कुणाला कुठे चाललात म्हणून विचारत नाहीत, कारण कुणीच कुठे चाललेलं नसतं.

मी सायकल काढली. तळ्याचा रस्ता बघितला, पूल बघितला, पुलावरून खाली बघायचं धैर्य मात्र होईना. मग काय सुचलं कोण जाणे, शाळेकडे वळलो.

ते तांत्रिक शाळेच्या बंद फाटकासमोर उभे होते. हॅट हातात, कोट नीट बंद केलेला, कानात बोंड. मला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"शिपाई कुठे गेला? घंटा होऊन किती वेळ झाला!"

"घंटा, प्रोफेसर?"

"गाणं संपलं ना. म्हणजे मधली सुट्टी संपली. तू कितवीतला?"

फोन मावशींच्या पर्समध्ये. हे दहा-पंधरा पावलं पुढे गेले तसं बोंड मुकं झालं. या गोष्टी मीच लोकांना समजावून सांगतो, पावलं मोजून दाखवतो.

"तिसऱ्या वर्षाला आहे, प्रोफेसर," मी म्हटलं. "आज वर्ग दुसरीकडे आहे. चला, दाखवतो."

मी दंड धरायला गेलो तर त्यांनी हात झटकला. "मी काय म्हातारा आहे?" मग मी सायकल आमच्या मधून ढकलत नेली आणि त्यांनी आपण होऊन तिच्या सीटवर हात ठेवला. तसे परत आलो. मावशींनी त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या आल्या. घरी प्रोफेसरांजवळ शेजारीण बसली होती.

"दोन वर्षं झाली याच्या विसरण्याला," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा बाजारात हरवला. मग मी हात धरायला लागले, तर झटकायचा. लोक बघतील, मला पोर समजतेस का, म्हणायचा. आणि खरंच होतं त्याचं, ज्यांना शिकवलं त्यांच्यासमोरून बायकोच्या बोटाला धरून जायचं? वायर मात्र त्याला चालायची. पुढे गेला की बोंड कानातून निसटायचं, की हा थांबायचा, वळायचा, मला शोधायचा. कुणाला काही कळायचं नाही. सगळ्यांना वाटायचं, म्हातारा-म्हातारी प्रेमात आहेत."

"आहातच की, मावशी."

"गप रे. आता हात धरला तर गावाला कळणार, नाही धरला तर हा जाणार. मग घरीच बसू. नको ती फेरी."

मी खण उघडला आणि अडॅप्टर काढून काउंटरवर ठेवला.

त्यांनी तो उचलला, उलटसुलट करून बघितला. "हा त्या दिवशी होता तुझ्याकडे?"

"होता."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अडॅप्टर पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून माझ्या तोंडून "सवय होईल" निघेना. लाझर म्हणाला, "तुला बरं नाही का रे?"

वायर परत आली आणि दोघं पुन्हा फेरीला यायला लागली. मला वाटलं, मिटलं.

दर शनिवारी सकाळी मावशी प्रोफेसरांना लाझरच्या खुर्चीत बसवून मासळी घ्यायला जातात. दोन शनिवारांनी, मी नुकतंच दुकान उघडलं होतं, तर प्रोफेसर आत आले. गळ्यात न्हाव्याचं पांढरं फडकं, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबणाचा फेस. पण डोळे शाळेतल्यासारखे लख्ख. त्यांनी खिशातून इयरफोनची गुंडाळी काढून काउंटरवर ठेवली.

"हिला इथून दोन फाटे फुटतात. ते लांब आहेत. वीत-वीतभर ठेव, बाकीची कापून टाक."

"इतकी आखूड? मग चालताना अगदी चिकटून चालावं लागेल, प्रोफेसर."

"म्हणूनच सांगतोय." त्यांनी दाराकडे एक नजर टाकली. "मी बराच पुढे जातो तोवर ही निसटत नाही. मला ते कळत नाही. एवढी लांब उपयोगाची नाही."

मी कावीया तापायला लावली. मग म्हटलं, "मावशींना सांगू का तसं?"

"अजिबात नाही. तिला वाटतं, वायर कशासाठी आहे ते मला ठाऊक नाही. वाटू दे. त्याने तिला बरं वाटतं. विचारलं तर सांग, आतून तुटली होती."

"आणि गाणी ऐकू येतात ना नीट?"

"गाणी तिची. तो गाणारा मला कधीच आवडला नाही. रेकतो."

मी वायर कापली. आतल्या तारा केसासारख्या बारीक. सोल्डर धरेना. ते काउंटरवर वाकले.

"वरचा मुलामा आधी जाळ, मार्क. किती वेळा सांगायचं?"

माझं नाव मार्क नाही. मी म्हटलं, "हो, प्रोफेसर," आणि मुलामा जाळून सांधे जोडले. तोवर वस्तरा हातात घेऊन लाझर धावत आला. "अहो, मी पाणी तापवायला आत गेलो तर खुर्ची रिकामी! जीव घ्याल माझा!" प्रोफेसर निमूटपणे त्याच्याबरोबर गेले. जाताना गुंडाळी खिशात ठेवायला विसरले नाहीत.

संध्याकाळी मी दुकानाच्या दारात उभा होतो. दोघं आली. खांद्याला खांदा, डोकी एकमेकांकडे कललेली, मध्ये वायर दिसतसुद्धा नव्हती. प्रोफेसरांनी माझ्यासमोर हॅट उचलली, नव्या ओळखीच्या माणसासमोर उचलतात तशी, आणि आईची चौकशी केली. माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. मी सांगितलं, बरी आहे.

"काय रे पिएरीन," मावशी फणकारल्या, "दुरुस्त केलीस की वाट लावलीस? याच्या पायात माझे पाय येतायत! अशी कशी आखूड केलीस?"

मी प्रोफेसरांकडे बघितलं. ते सरळ समोर रस्त्याकडे बघत होते.

"आतून तुटली होती, मावशी," मी म्हटलं. "सवय होईल."